उंदराच्या मेंदूचे तुकडे आणि न जुळणारे आकडे

प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्यातच फार्मसीत पीएचडी करणारी एक मुलगी लिहिते: "मॅडम, मी विस्टर रॅटच्या मेंदूतून कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस आणि स्ट्रायटम हे भाग वेगळे काढते. एकाच गटातल्या सहा प्राण्यांचे कॅटलेज आणि असिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइम्सचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. केमिकल नवी मागवली, स्पेक्ट्रोफोटोमीटर तपासून घेतला, फरक शून्य. माझी मेंदू काढण्याची पद्धत चुकतेय का? आणि तो किती मिनिटांत काढायचा असतो?"

हो, चूक बहुधा तिथेच आहे. केमिकल बदलण्याआधी पेट्री डिशकडे बघायला हवं होतं. पण तसं कुणीच बघत नाही; मीही पहिली तीन-चार वर्षं बघितलं नव्हतं. यंत्रावर संशय घेणं सोपं असतं, आपल्या हातावर घ्यायला जीवावर येतं.

तू निवडलेली दोन एन्झाइम्सच अर्धी गोष्ट सांगून टाकतात. म्हणून आधी त्यांचं बोलू, कात्री-चिमट्याकडे नंतर येऊ.

असिटिलकोलिनेस्टरेज, म्हणजे असिटिलकोलिन हा मेंदूतला निरोप्या मोडणारं एन्झाइम, मेंदूभर सारखं पसरलेलं नसतं. स्ट्रायटम, म्हणजे खोलवरचा राखाडी भाग, त्यात भरमसाट; आठवणीशी बांधलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये मध्यम; बाहेरची साल, म्हणजे कॉर्टेक्स, तीत त्याहून कमी. आता स्ट्रायटम आणि कॉर्टेक्सच्या मध्ये असतं काय, तर पांढऱ्या तंतूंचा एक पट्टा. रॅटमध्ये तो एक मिलिमीटरही जाड नसतो. कॉर्टेक्स सोलताना चिमटा त्या पट्ट्याच्या खाली घसरला की स्ट्रायटमचा पापुद्रा कॉर्टेक्सला चिकटून वर येतो. दिसायला तो तुकडा अगदी निर्दोष दिसतो. एक नंबरच्या प्राण्यात पापुद्रा आला, चार नंबरच्या प्राण्यात नाही आला, की कॉर्टेक्सचे आकडे वरखाली झालेच. डोपामिन मोजणाऱ्यांची अवस्था तर याहून बिकट. स्ट्रायटममधलं डोपामिन पुढच्या कॉर्टेक्सच्या पन्नास-शंभर पट असतं. तिथे मोहरीएवढा तुकडा चुकून आला तरी महिन्याभराची मेहनत पाण्यात.

याचा उलटा फायदाही करून घेता येतो. कंट्रोल (औषध न दिलेल्या) गटातल्या प्रत्येक प्राण्याचा कॉर्टेक्सचा आणि स्ट्रायटमचा असिटिलकोलिनेस्टरेज शेजारी शेजारी मांड. ज्या प्राण्याचा कॉर्टेक्स वर चढलाय आणि त्याच प्राण्याचा स्ट्रायटम खाली उतरलाय, तिथे तुझी सीमारेषा सरकली. हा तुझ्या हाताचा रिपोर्ट आहे, औषधाचा नव्हे. मात्र असा प्राणी गट बघून, सोयीनं वगळायचा नाही. वगळण्याचा नियम आधी वहीत लिहायचा आणि कुठली ट्यूब कुठल्या गटाची हे माहीत नसलेल्या माणसाने तो लावायचा.

कॅटलेजची गोष्ट वेगळी. हे हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम मेंदूत मुळातच थोडं. लाल रक्तपेशींत ते ठासून भरलेलं. तू रक्त न धुता मेंदू काढत असशील, तर मोजतेस ते बऱ्याच अंशी रक्तातलं कॅटलेज. आणि मेंदूत रक्त किती राहिलं, हे त्या दिवशी प्राणी कसा मेला, डोकं खाली होतं की वर, तू किती वेळ घेतलास यावर ठरतं. लिपिड पेरॉक्सिडेशनचं, म्हणजे ऑक्सिजनने चरबी खराब होण्याच्या मोजमापाचं, तेच. हिमोग्लोबिनचं लोह त्या परीक्षेत नुसती लुडबूड करतं. त्यामुळे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची नेहमीची चौकडी मोजायची असेल (खराब झालेल्या चरबीची खूण एमडीए, आणि बचाव करणारे ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटलेज), तर खोल भुलीत हृदयातून बर्फगार सलाइन सोडून रक्त धुऊन काढ. मोठ्या रॅटला शंभर ते दीडशे मिलिलिटर पुरतं. उजव्या कर्णिकेतून बाहेर येणारं पाणी स्वच्छ झालं आणि यकृत फिकट पडलं की थांब. नीट धुतलेला मेंदू सायीच्या रंगाचा दिसतो. गुलाबी दिसला तर धुणं अपुरं झालं, आणि ती नोंद त्या प्राण्याच्या नंबरापुढे त्याच क्षणी कर. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद मी नोंद मानत नाही.

सरकलेली सीमारेषा आणि न धुतलेलं रक्त हे दोन चोर झाले. तिसरा चोर पाण्याचा. हिप्पोकॅम्पसचा तुकडा सलाइनमधून उचललास, टिपला नाहीस आणि तसाच वजन केलास. रॅटचा पूर्ण मेंदू पावणेदोन ते दोन ग्रॅम. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस मिळून साधारण शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम. त्यावर दहा मिलिग्रॅम पाणी चिकटलं तर चूक किती झाली, तूच हिशेब कर. माउसमध्ये, जिथे अख्खा मेंदूच अर्ध्या ग्रॅमच्या आत असतो, तिथे तर विचारूच नको. आधी वजन करून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूबमध्ये तुकडा गोठव, मग ट्यूबसकट वजन कर, आणि शेवटी आकडा प्रथिनांच्या हिशेबात दे. ओल्या मेंदूत वजनाच्या सुमारे दहा टक्के प्रथिनं असतात. तुझ्या लाउरीने किंवा ब्रॅडफर्डने (प्रथिनं मोजायच्या चाचण्या) त्याहून फारच कमी दाखवलं तर एकतर पाणी मोजलंयस नाहीतर तुकडे घोटणाऱ्या होमोजनायझरने काम अर्धवट टाकलंय.

आता प्रत्यक्ष हाताकडे येते.

त्याआधी परवानगीचं. तुझ्याकडे असेलच, पण वाचणारे इतरही असतील. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांत हे काम बसतं. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीने फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) मंजूर केल्याशिवाय एकही प्राणी हलवायचा नाही. प्राणी कुठल्या पद्धतीने मारायचा हे त्या मंजुरीत लिहिलेलं असतं आणि ते त्या दिवशीच्या सोयीने बदलत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हाताखालीच ते शिकायचं असतं, वाचून नव्हे, म्हणून इथे मी ते लिहिणार नाही. एवढंच सांगते की पद्धत आकड्यांतही उतरते. भुलीचं केटामाइन स्वतःच ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्याच्या एका रिसेप्टरला अडवतं. कार्बन डायऑक्साइडने मेंदू आम्लधर्मी होतो. तू काय मोजणार आहेस ते समितीला अर्ज लिहितानाच डोक्यात हवं. आणि एकदा ठरलं की सगळ्या गटांना तीच पद्धत.

प्राणी येण्याआधी टेबल लावून ठेव. पेट्री डिश काचेची घे, प्लॅस्टिक गारवा नीट पोचवत नाही. कुटलेल्या बर्फावर ती उपडी घाल, वर सलाइनमध्ये भिजवून निथळलेला फिल्टर पेपर. पेपर कोरडा पडला तर मेंदू त्याला चिकटून फाटतो. चिंब असला तर तुकडे तरंगतात आणि वर सांगितलेला पाण्याचा चोर घरात शिरतो. मेंदू थेट बर्फावर कधी ठेवायचा नाही. खालची बाजू गोठते आणि वरची मऊच राहते. कात्री दोन हव्यात, कातडी-स्नायूंना एक आणि हाडाला टोकदार आयरिस कात्री. ज्या कात्रीने केस कापलेत तिने मेंदूला हात लावायचा नाही. हाड सोलायला रॉन्जर (हाड कुरतडायची पकड) नाहीतर जाड चिमटा. बोथट, अरुंद स्पॅच्युला. आणि वाकड्या टोकाचे दोन बारीक चिमटे, ज्यांना लॅबमधला कुणीही दुसऱ्या कामासाठी हात लावणार नाही. माझे चिमटे मी कुलपात ठेवते. मुलं हसतात. हसू देत.

कवटी उघडताना सगळा खेळ कात्रीच्या टोकाच्या कलाचा असतो. मागच्या बाजूला मणक्याचं भोक दिसतं, तिथून आयरिस कात्रीचं एकच टोक आत घालायचं आणि ते वर, हाडाच्या आतल्या अंगाला घासत पुढे न्यायचं. टोक खाली झुकलं की मेंदूत गेलंच. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापत ये, डोळ्यांच्या मधोमध कपाळाचं हाड आडवं काप, आणि मग मागचं हाड उचलून फणसाची साल काढावी तसं बाजूला काढ. घाई इथेच नडते. हाडाच्या खाली ड्युरा नावाचं चिवट आवरण असतं, आणि हाड ओढलं की कधी कधी ते हाडाबरोबर ताणलं जातं. आमच्या घरी खरवस दोऱ्याने कापतात. ड्युराची ताणलेली कड कॉर्टेक्समधून अशीच जाते, दोरा खरवसातून जावा तशी, आवाजसुद्धा न करता. नंतर कॉर्टेक्सवर सरळ रेघ दिसते आणि मुलं म्हणतात, मॅडम, कात्री लागली. कात्री नाही लागली, ड्युरा लागला. हाड उचलण्याआधी बारीक चिमट्याने ड्युरा सुटा करून कापून टाक.

मग डोकं उलटं धर. मेंदू स्वतःच्या वजनाने खाली उतरायला बघतो, त्याला तसं करू दे. स्पॅच्युला पुढून, गंधकंदांच्या खालून घाल. गंधकंद म्हणजे नाकाकडच्या दोन छोट्या गाठी. निम्म्या मुलांच्या हातून त्या कवटीतच राहतात. (आपल्या कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे. जुने इजिप्शियन ममी करताना हृदय जपून ठेवत आणि मेंदू वाकड्या सळईने नाकावाटे ओढून टाकून देत. शाळेच्या सहलीत हे ऐकलं तेव्हा मला फार हसू आलं होतं.) नंतर खालच्या बाजूने डोळ्यांच्या नसा काप, मग दोन्ही बाजूंच्या जाड ट्रायजेमिनल नसा. या न कापता मेंदू ओढलास तर हायपोथॅलॅमस तळाला फाटतो. पिट्यूटरी ग्रंथी बहुतेकदा कवटीच्या तळातच राहते, ती हवी असेल तर तिथून वेगळी उचल. आणि सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) दोन्ही बाजूंना हाडाच्या खळगीत घट्ट बसलेला एक एक छोटा भाग असतो, तो हमखास तुटून मागे राहतो. सेरेबेलमचं वजन घेणाऱ्याने एकतर तो दर वेळी काढावा नाहीतर दर वेळी सोडावा. कधी असा कधी तसा, हे मात्र नको.

मेंदू बाहेर आल्यावर लगेच कापायला घेऊ नकोस. बर्फगार सलाइनमध्ये मिनिटभर बुडव. ताजा, कोमट मेंदू चाकूखाली सरकतो. मिनिटभराने त्याला अंग धरतं.

वेगवेगळे भाग काढायचा क्रम जगभर अजूनही बराचसा ग्लोविन्स्की आणि आयव्हर्सन यांनी १९६६ साली मांडला तसाच चालतो, कारण त्यांनी बाहेरून दिसणाऱ्या खुणा धरल्या. आधी सेरेबेलम सुटं कर. मग ब्रेनस्टेम. मग मेंदू पालथा करून हायपोथॅलॅमस: पुढची हद्द डोळ्यांच्या नसांच्या फुलीशी, मागची मॅमिलरी बॉडीच्या (तळाच्या दोन गोल गाठींच्या) पुढे, खोलीची हद्द अँटेरिअर कमिशरपर्यंत (दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यापर्यंत). हायपोथॅलॅमस तुला नको असला तरी आधी काढून टाक, म्हणजे पुढचं काम मोकळं होतं.

हिप्पोकॅम्पस काढायची रीत जरा सावकाश सांगते, कारण तुझ्या प्रश्नातला खरा घोळ मला इथे वाटतो. मेंदूचे मधोमध दोन भाग कर. एक भाग कापलेली बाजू वर करून ठेव. मधला थॅलॅमस वाकड्या चिमट्याच्या पाठीने हळूच पुढे सार, टोकाने नव्हे. त्याच्या मागे काजूसारखी वळलेली, गुळगुळीत, किंचित चकाकणारी गोष्ट दिसेल. तो हिप्पोकॅम्पस. त्याच्या वळणाच्या आतल्या कडेने पांढरी दोरी जाते, ती फिंब्रिया. आता स्पॅच्युला हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्स यांच्या मधल्या फटीत घाल आणि वरून खाली गुंडाळी उलगडावी तसा लोळवत बाहेर काढ. बरोबर जमलं तर तो अख्खा, एका तुकड्यात, स्वतःहून सुटतो. जोर लागला तर समज की तू फटीत नाहीस. बाहेर आल्यावर पांढरी दोरी सोलून टाक, दुसऱ्या टोकाला चिकटलेला कॉर्टेक्सचा चुरा कापून टाक. काजू चकाकत असला पाहिजे. मळकट, खरखरीत दिसला तर त्याच्यावर अजून कुणीतरी बसलंय.

आणि हे बघ की काजू पूर्ण आला का. वरचं टोक, म्हणजे डॉर्सल भाग, जागेच्या आठवणीशी जास्त बांधलेला. खालचं टोक, व्हेंट्रल, भीती-ताणाशी. पुष्कळ जणांचं खालचं टोक तुटून कॉर्टेक्समध्येच राहतं. मग एका प्राण्याचा अख्खा हिप्पोकॅम्पस आणि दुसऱ्याचा पाऊण, असं आपण एकाच खान्यात लिहितो.

स्ट्रायटम मोकळ्या हाताने काढू नकोस. एक मिलिमीटर खाचांची स्टीलची ब्रेन मॅट्रिक्स (मेंदू बसवून सारख्या चकत्या कापायचा साचा) घे, ती आधी बर्फात गार कर, दोन ब्लेड एकाच वेळी खाचांत घालून काप. चकतीवर पांढऱ्या पट्ट्याच्या खाली रेघारेघांचा राखाडी भाग दिसतो, रेघांवरूनच त्याचं नाव पडलंय. पोकळ सुईने तिथून गोल तुकडा उचल. हे सुईने टिपणं पाल्कोवित्स यांनी १९७३ मध्ये रूढ केलं आणि छोट्या भागांसाठी याच्यापेक्षा बरं काही मला सापडलेलं नाही. सुईचा व्यास असा निवड की कडेला पांढरा पट्टा लागणार नाही. मोठ्या सुईचा मोह नको. पुढे कधी सबस्टॅन्शिया नायग्रा (नावाचा अर्थच काळा पदार्थ) काढायची वेळ आली तर चकतीवर काळा डाग शोधत बसू नकोस. माणसात तो रंग असतो, रॅटमध्ये डोळ्याला दिसेल इतका नसतो. अॅटलास उघडून खुणेनेच जावं लागतं.

आता किती मिनिटं. याचं एकच उत्तर नाही, मोजतेस काय त्यावर आहे. एटीपी आणि लॅक्टेट रक्त थांबल्याबरोबर सेकंदांत पळतात. ते मोजणाऱ्याने हाताने मेंदू काढूच नये, त्याला मेंदूवर केंद्रित होणारी मायक्रोवेव्ह लागते, घरातली नव्हे. प्रथिनांवरचे फॉस्फेट, ग्लुटाथायोन, मोनोअमाइन्स (डोपामिनसारखे निरोपे) मिनिटांत बदलतात. असिटिलकोलिनेस्टरेज, एसओडी ही चिवट मंडळी, बर्फावर दहा मिनिटं गेली तर त्यांचं फारसं बिघडत नाही. माझा स्वतःचा नियम: मेंदू बाहेर दीड मिनिटात, शेवटचा तुकडा गोठलेला पाच मिनिटांत. रक्त धुण्याचा वेळ वेगळा. पण दीड मिनिटं हा विक्रम करायचा आकडा नाही. तुला तीन मिनिटं लागत असतील तर चोवीसच्या चोवीस प्राण्यांना तीन लागू देत. एकाला दीड आणि एकाला सात, हे आकड्यांत दिसतं. स्टॉपवॉच लाव आणि प्रत्येक प्राण्याची वेळ लिही. तुकड्यांचा क्रमही बदलू नकोस, लवकर बिघडणारं ज्यात मोजायचंय तो भाग आधी.

गोठवताना सगळे द्रव नायट्रोजनच्या मागे लागतात, कारण तो उणे १९६ अंश, म्हणजे ऐकायला जबरदस्त. आपल्याकडे तो मिळतोही सहज. आणंद हाकेच्या अंतरावर आहे, आणि बैलांचं वीर्य साठवायला डेअरीवाल्यांना लागतो तोच नायट्रोजन तसल्याच कॅनमधून आमच्याकडे येतो. छोट्या तुकड्यांना तो उत्तम. पण अख्खा मेंदू त्यात टाकलास तर दोन गोष्टी होतात. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब कसा नाचतो, तसा मेंदूभोवती वायूचा पदर तयार होतो आणि थंडी आत पोचायला उलट वेळ लागतो. आणि बाहेरचं कवच आधी गोठून आतला भाग नंतर फुगला की मेंदू तडकतो. अख्ख्या मेंदूला ड्राय आइसवर गार केलेला आयसोपेन्टेन नावाचा द्रव बरा. तुझ्या तुकड्यांना ड्राय आइसवर ठेवलेली अॅल्युमिनियम फॉइल पुरे आहे. तुकडा त्यावर पसरव, पांढरा कडक झाला की ट्यूबमध्ये. ट्यूबवरचं नाव मार्करने लिहू नकोस. स्पिरिटचा हात लागला की पुसतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या अठरा ट्यूब अशा कोऱ्या झाल्या. प्राणी गेले ते गेलेच, आणि नीतिसमितीपुढे पुन्हा प्राणी मागताना त्याने काय कारण लिहावं, हे त्याला मी सांगू शकले नाही.

गोठलेला तुकडा एकदाच वितळू दे. कोल्ड चेन मेली तर सगळं मेलं. मेच्या महिन्यात इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो आणि वीज जाते ती नेमकी शनिवारी रात्री. उणे ऐंशीच्या फ्रीजरला अलार्म नसेल तर आधी तो बसवून घे.

वेळापत्रकाचंही बोलते, कारण हे पाश्चात्य पुस्तकात सापडणार नाही. नवरात्रात मेंदू काढू नकोस. आपल्या गावचा गरबा म्हणजे नऊ रात्री लाउडस्पीकर. रॅट निशाचर, आपल्याला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यांना ऐंशीच्या आसपासपर्यंत. बंद खोलीतही आवाज पोचतो. आमच्या प्राणीगृहात त्या दिवसांत प्राणी कमी खातात, हे मी वजनाच्या वहीवरून सांगते. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवसही तसेच, शिवाय हाताखाली माणूस नसतो, सगळे गच्चीवर. आणि रोजच्या दिवसातही वेळ पक्की ठेव. रॅटचं कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं हार्मोन संध्याकाळी, अंधार पडण्याच्या सुमारास चढतं. सकाळी कंट्रोल आणि दुपारी औषधाचा गट असं केलंस तर घड्याळ मोजलंस, औषध नाही. गट मिसळून घे: एक याचा, एक त्याचा, चिठ्ठ्या टाकून. प्राणी मारण्याच्या खोलीत पुढचे प्राणी वाट बघत ठेवू नकोस. एक तर ते क्रूर आहे. आणि अर्ध्या तासापूर्वीची धावपळ सी-फॉससारख्या, खळबळीने लगेच जाग्या होणाऱ्या जनुकांच्या आरएनएमध्ये स्पष्ट वाचता येते.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक याच जातीची होती. मी तेव्हा दुसऱ्या एका संस्थेत होते. आम्ही दोघं मेंदू काढायचो. काम वाटून घ्यायचं म्हणून कंट्रोल मी घेतले, औषधाचा गट माझ्या सहकाऱ्याने. औषधाच्या गटातला हिप्पोकॅम्पस चांगलाच जड भरला. आमच्या सरांचा आनंद गगनात मावेना. पोस्टर छापायला गेलं. एका दुपारी मी त्याच्या शेजारी बसून सेव-उसळीचा डबा संपवत होते आणि तो एक जास्तीचा मेंदू काढत होता. त्याच्या काजूवर पांढरी दोरी तशीच होती. मी सोलते, तो सोलत नाही. पाच महिने एका बाकावर बसून आम्ही हे एकमेकांना विचारलं नव्हतं. पोस्टर रद्द झालं. सर दोन आठवडे बोलले नाहीत, पण पुढच्या प्रयोगात त्यांनी स्वतःच नियम केला: एका भागाला एकच हात. दोन हात लागणारच असतील तर प्रत्येकाने प्रत्येक गटातले निम्मे.

म्हणून तुलाही विचारते: तुझ्याकडे मेंदू तू एकटीच काढतेस का? की ज्युनियर मदत करतो? "मॅडम, चालशे" (गुजरातीत चालेल) म्हणणारा ज्युनियर असेल तर त्याला रक्त धुण्याच्या पंपावर बसव. चालशे हा शब्द आमच्या लॅबमध्ये बंद आहे.

सरावासाठी वेगळे रॅट मागू नकोस. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांची संख्या कमी करण्याचं तत्त्व मांडलं, आणि सरावाइतकी ते पाळायला सोपी जागा दुसरी नाही. तुझ्या संस्थेत यकृत किंवा मूत्रपिंडावर काम करणारे असतील. त्यांच्या मंजूर प्रयोगातल्या प्राण्यांची डोकी टाकून दिली जातात. समितीला कळवून ती मागून घे. त्याआधी रचना समजायला खाटकाकडून बोकडाचा भेजा आण. कॉर्टेक्सला वळ्या आहेत, आकार मोठा आहे, पण थॅलॅमस बाजूला सारल्यावर दिसणारा काजू तोच आणि पांढरी दोरीही तीच. मी हिप्पोकॅम्पस पहिल्यांदा नीट पाहिला तो असाच, दांडिया बाजारच्या घरी, मागच्या ओट्यावर. आईने त्यानंतर मला डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही, आणि ती बशी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही. ती अजून माझ्याकडे आहे. तुकडे काढून झाल्यावर उरलेलं शरीर पिवळ्या पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे, त्याच दिवशी.

पुढच्या खेपेला असं कर. सहाच प्राणी, सगळे कंट्रोल, तूच एकटी. रक्त धू, वेळ लिही, प्रत्येक काजूचा पांढरी दोरी सोलल्यावरचा फोटो मोबाइलवर काढून ठेव, गोठवल्यावर वजन कर. मग कॉर्टेक्स आणि स्ट्रायटमचा असिटिलकोलिनेस्टरेज शेजारी मांड. सहाही जुळले तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवाल्याला पुन्हा बोलवायचा खर्च वाचला. नाही जुळले तर सहा फोटो आणि सहा वजनं घेऊन ये. मी सकाळी अकराच्या आत लॅबमध्ये असते. त्यानंतर हातात चिमटा असतो आणि मी कुणाशी बोलत नाही.